बंद पडलेले वाद्य आणि न सोडणारा वादक : रिकेनबॅकर १९९९ व क्रिस स्क्वायर

वाद्यांचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या सूचिपत्रांवरून लिहिला जातो. अमुक वाद्य अमुक साली बाजारात आले, अमुक साली त्याच्या रचनेत फेरफार झाला आणि अमुक साली त्याचे उत्पादन थांबले, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी सोयीची आहे आणि तारखांच्या दृष्टीने बरीच विश्वसनीयही आहे. परंतु तिच्यात एक मूलभूत उणीव राहून जाते. उत्पादन थांबले म्हणजे वाद्य संपले असे सूचिपत्र गृहीत धरते. वादकाच्या लेखी मात्र पुष्कळदा त्याच सुमारास वाद्याचे खरे आयुष्य सुरू झालेले असते. ह्या विसंगतीचे एक ठळक आणि साधार उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ‘येस’ ह्या वाद्यवृंदाचा बास गिटारवादक क्रिस स्क्वायर ह्याने सुमारे पन्नास वर्षे वापरलेले रिकेनबॅकर कंपनीचे ‘१९९९’ ह्या नावाचे वाद्य. ज्या नावाने ते विकले गेले ते नाव काही वर्षांतच बाजारातून नाहीसे झाले. १९६५ मध्ये विकत घेतलेले वाद्य मात्र २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत वादकाने आपले प्रमुख वाद्य म्हणून बाळगले.

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. ‘बास’ ह्या शब्दाला मराठीत ‘खर्ज’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि मंद्र सप्तकातील गंभीर नाद एवढ्यापुरता तो चुकीचाही नाही. तथापि आपल्याकडे खर्ज ही मुख्यत्वे आधाराची कल्पना आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार रागाचा पाया धरून ठेवते. ती स्वतः हिंडत नाही. पाश्चात्त्य संगीतातील बास हा आधार तर असतोच, पण तो चालतो. स्वरसंहती बदलेल तसा तो आपले ठिकाण बदलतो, आणि कुशल रचनाकाराच्या हाती वरच्या सुरावटीशी वाद घालणारी एक स्वतंत्र सुरावट बनतो. ‘खर्ज’ हा शब्द येथे वापरल्यास नेमका हाच भेद पुसला जाईल, म्हणून ‘बास’ हाच शब्द कायम ठेवणे इष्ट. स्क्वायरच्या वादनाचा सारा विशेष ह्या भेदात सामावलेला आहे, हे पुढे दिसेल.

विद्युत्-शक्तीवर चालणारे बास गिटार ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. उभे राहून वाजवावयाचे भले थोरले डबल बास वाहून नेणे कष्टाचे, आणि पितळी वाद्यांच्या व ढोलांच्या गर्दीत त्याचा आवाज ऐकू येणे त्याहून दुरापास्त. सिॲटल येथील पॉल टटमार्क ह्याने १९३० नंतरच्या दशकातच आडवे धरून वाजवावयाचे विद्युत्-बास बनविले होते. पण ते फारसे पसरले नाही. लिओ फेंडर ह्याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणल्यावर हे वाद्य रूढ झाले. नावातला ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा हा शब्द दांडीवरील पडद्यांना उद्देशून आहे. डबल बासला पडदे नसतात, त्यामुळे स्वर नेमका लागणे बोटांच्या आणि कानांच्या शिक्षणावर अवलंबून असते. पडदे आल्यावर ती अडचण दूर झाली. चार तारा, त्यांतील सर्वांत खालची सेकंदाला सुमारे ४१ आंदोलनांची, आणि घोडीपासून मेरूपर्यंत तारेची लांबी चौतीस इंच, हे फेंडरचे माप पुढे प्रमाण मानले गेले.

रिकेनबॅकर ह्या कंपनीचा वंश ह्याहून जुना. तिचा उगम १९३१ मध्ये जॉर्ज बोशॅम्प आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या उद्योगात आहे. त्यांचे पहिले यशस्वी वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे हवाइयन गिटार होते. ॲल्युमिनियमचे वाटोळे अंग आणि लांब दांडी ह्यांमुळे लोक त्याला गमतीने ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक एकमेकांसमोर ठेवून त्यांच्या मधून तारा ओवावयाच्या, आणि तारांखालील वेटोळ्यात उत्पन्न होणारा क्षीण विद्युत्-प्रवाह ध्वनिवर्धकाकडे न्यावयाचा, ही बोशॅम्पची युक्ती. तिचे एकस्व त्याला १९३७ मध्ये मिळाले. ह्या हवाइयन गिटारच्या जातीचा भारताशी संबंध आला, हे येथे ओघानेच नमूद करावयास हवे. कलकत्त्यात १९४० नंतरच्या दशकात राहिलेला ताउ मो, आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत विद्युत्-गिटारवर चित्रगीतांच्या चाली वाजवून घरोघर पोचलेले व्हॅन शिप्ली, ह्यांच्या द्वारा तो नाद भारतीय श्रोत्यांच्या कानी पडला. घसरत जाणारी मींड आपल्या कानाला परकी नसल्याने तो येथे सहज रुजला.

एफ. सी. हॉल ह्याने १९५३ मध्ये हा उद्योग विकत घेतला आणि त्यानंतर थोड्याच काळात रॉजर रोसमाइझल हा जर्मन कारागीर कंपनीत आला. १९५७ मध्ये बाजारात आलेले ‘४०००’ हे कंपनीचे पहिले बास गिटार त्याच्याच आराखड्याचे. ह्या वाद्याचे दोन रचनाविशेष पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवेत. फेंडरच्या वाद्यात दांडी वेगळी करून ती अंगाला स्क्रूंनी जखडलेली असते. रिकेनबॅकरमध्ये दांडीचे लाकूडच अखंडपणे वाद्याच्या टोकापर्यंत जाते आणि अंगाचे दोन पाख त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले असतात. खुंट्या आणि घोडी अशा रीतीने एकाच लाकडावर बसल्यामुळे स्वर अधिक काळ टिकतो, असे कारागीर मानतात. दुसरा विशेष असा की, तारेची लांबी चौतीस इंचांऐवजी सव्वातेहतीस इंच आहे. पाऊण इंचाचा हा फरक वाचताना क्षुल्लक वाटतो. पण ज्याच्या डाव्या हाताला एका मापाची सवय जडली त्याला दुसऱ्या मापाच्या वाद्यावर प्रत्येक पडदा किंचित परका वाटतो.

१९६१ मध्ये ह्याच आराखड्याचे दोन पिकपांचे अधिक सुशोभित रूप ‘४००१’ ह्या क्रमांकाने निघाले. त्याची एक साधी आवृत्ती, कडेची पट्टी नसलेली आणि दांडीवर त्रिकोणी नक्षीऐवजी नुसते ठिपके असलेली, ‘४००१ एस’ म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमध्ये ती विकण्याचे काम लंडनच्या रोझ-मॉरिस ह्या पेढीकडे १९६४ मध्ये आले. ह्या पेढीने सर्व रिकेनबॅकर वाद्यांना आपल्या सूचीतले क्रमांक दिले आणि त्या माळेत ह्या बास गिटारच्या वाट्याला ‘१९९९’ हा आकडा आला. ह्या आकड्याचा कोणत्याही वर्षाशी संबंध नाही, हे सांगणे अस्थानी ठरणार नाही. विशेषनाम कसे बनते ह्याचे हे एक चांगले उदाहरण आहे. कोठारातील माल ओळखण्यासाठी कारकुनाने दिलेला आकडा वादकांच्या तोंडी गेला आणि त्याला ‘स्ट्रॅडिव्हेरियस’सारखी प्रतिष्ठा आली. मूळ क्रमांक, मूळ कारखाना आणि मूळ देश ह्यांपैकी कोणाचीही खूण त्या नावात नाही.

इंग्लंडमधील त्या काळची परिस्थितीही लक्षात घेतली पाहिजे. महायुद्धोत्तर आर्थिक ओढगस्तीमुळे अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर तेथे निर्बंध होते. ते १९५९ मध्ये सैल झाले. म्हणजे १९६४-६५ मध्ये ज्यांचे वय सोळा-सतरा होते त्या मुलांच्या दृष्टीने अमेरिकन गिटार ही अगदी अलीकडेपर्यंत चित्रांतच पाहावयाची वस्तू होती. त्यात बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन ह्यांच्या हाती रिकेनबॅकर दिसू लागल्यामुळे ह्या कंपनीच्या नावाला काही वेगळेच तेज चढले होते.

क्रिस स्क्वायर ह्याचा जन्म ४ मार्च १९४८ रोजी लंडनच्या वायव्य भागातील किंग्जबरी येथे झाला. त्याचे संगीतशिक्षण गिटारवर झाले नाही. तेथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या गायकवृंदात तो लहानपणी गात असे, आणि बॅरी रोज हा त्या वृंदाचा संचालक होता. पुढे इंग्लंडच्या चर्चसंगीतात मोठे नाव मिळविलेल्या ह्या संचालकाचे ऋण स्क्वायर आयुष्यभर मान्य करीत असे. ह्या गोष्टीकडे रॉक संगीतावर लिहिणाऱ्यांनी जावे तितके लक्ष दिलेले नाही. चर्चच्या बहुस्वरी गायनात प्रत्येक आवाजाला स्वतःची ओळ असते; खालचा आवाज वरच्याची सावली नसतो. ज्या मुलाचा कान अशा संगीतावर घडला, त्याने पुढे बास हाती घेतल्यावर केवळ मूळ स्वर धरून बसण्यात समाधान मानले नाही, ह्यात नवल नाही.

१९६४ मध्ये केस लांब ठेवल्याबद्दल शाळेने त्याला घरी पाठविले आणि केस कापण्यासाठी पैसेही दिले. तो केस न कापता घरी गेला आणि पुन्हा शाळेत परतला नाही. त्यानंतर लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील बूझी अँड हॉक्स ह्या वाद्यांच्या दुकानात तो नोकरीस लागला. ह्या नोकरीचा महत्त्वाचा लाभ म्हणजे नोकरांना मिळणारी किमतीतील सूट. तिच्या आधारे १९६५ मध्ये त्याने एक रिकेनबॅकर १९९९ विकत घेतले. येथे एक गोष्ट स्पष्ट होते. मागाहून दंतकथेचा विषय झालेल्या ह्या वाद्याची निवड गूढ आकर्षणाने झालेली नव्हती. दुकानात ते होते, काळाची चाल त्या नावाकडे होती आणि सवलतीत ते परवडण्याजोगे झाले. आसक्तीचा आरंभ प्रसंगात झाला. तिचे कारण मात्र नंतरच्या काळात शोधावे लागते.

तो काळ म्हणजे मुख्यतः १९६७ नंतरची काही महिन्यांची एकांतवासाची अवस्था. एल. एस. डी. ह्या मादक द्रव्याच्या सेवनाने स्क्वायरला मोठा मानसिक आघात झाला आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तेथून बाहेर पडल्यावर लोकांत वावरण्याची त्याला भीती वाटू लागली, आणि पुढचे कित्येक महिने त्याने घराबाहेर न पडता बास वाजविण्यात घालविले, असे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. द हू ह्या वृंदातील जॉन एंटविसल, क्रीममधील जॅक ब्रूस आणि बीटल्सचा पॉल मॅकार्टनी हे त्याचे आदर्श होते. वादकाच्या घडणीत असा एकच काळ येतो, ज्यात हात आणि वाद्य एकमेकांना आकार देतात. आपल्याकडे ह्याला चिल्ला म्हणतात. तो हेतुपुरस्सर केलेला असतो, स्क्वायरचा दुःखातून आलेला होता, एवढाच काय तो फरक. त्या महिन्यांत त्याच्या हातात हेच वाद्य होते. १९६८ मध्ये गायक जॉन अँडरसन ह्याच्या भेटीतून ‘येस’ ह्या वृंदाची स्थापना झाली, तेव्हा स्क्वायरची शैली पुष्कळशी बनून गेलेली होती.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळावयास हवे, कारण ह्या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग तोच आहे. कारखान्यातून निघालेले वाद्य आणि १९७१ साली ध्वनिमुद्रणगृहात वाजलेले वाद्य ही एकच वस्तू असली तरी एकसारखी नव्हती. १९६७ च्या सुमारास लंडनमध्ये फुलाफुलांच्या वेशभूषेची लाट आली होती, तेव्हा स्क्वायरने वाद्याच्या अंगावर फुलांचा कागद चिकटविला. पुढे तो काढून चकाकणारा रुपेरी मुलामा दिला गेला. प्रत्येक वेळी जुना थर काढताना लाकूड घासले गेले, आणि शेवटी आज छायाचित्रांतून परिचित असलेला दुधी रंग त्यावर चढला, तोपर्यंत मूळ मेपल लाकडाचा काही अंश कायमचा नाहीसा झाला होता. वाद्य मूळच्यापेक्षा हलके झाले. स्क्वायरचे स्वतःचे मत असे की, त्याच्या वाद्याच्या वेगळ्या नादाचे एक कारण ह्या झिजेत आहे. हे मत तपासून सिद्ध करणे कठीण. पण ते निराधार म्हणून टाकून देण्याचेही कारण नाही. घन लाकडाच्या विद्युत्-वाद्यातही लाकडाचे वस्तुमान आणि ताठपणा तारेच्या कंपनावर परिणाम करतात.

दुसरा बदल तारांच्या जोडणीतला. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या १९९९ मधून दोन्ही पिकपांचा आवाज एकत्र होऊन एकाच तारेने बाहेर पडत असे. स्क्वायरने दोन्ही पिकप स्वतंत्र करवून घेतले. दांडीजवळच्या पिकपातून येणारा गोल, भरीव नाद एका ध्वनिवर्धकाकडे आणि घोडीजवळच्या नालाकृती चुंबकाच्या पिकपातून येणारा तीव्र, धारदार नाद दुसऱ्या ध्वनिवर्धकाकडे, अशी ही व्यवस्था होती. धारदार नादाला तो गिटारवादकाप्रमाणे कर्कशतेच्या सीमेपर्यंत नेई. खालच्या नादाला हात लावत नसे. त्यामुळे एकाच वाद्यातून जणू दोन वादक बोलत असल्याचा भास होतो. एक पाया धरतो, दुसरा त्यावरून वावरतो.

तिसरे अंग तारांचे. सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारांचा नाद बोथट पण मऊ असतो. गोल तार गुंडाळलेल्या तारांतून वरचे उपस्वर भरपूर निघतात. रोटोसाउंड ह्या इंग्रज कंपनीने एंटविसलच्या सहकार्याने १९६६ मध्ये अशा गोल गुंडाळीच्या तारा बास गिटारसाठी सिद्ध केल्या, आणि स्क्वायरने त्याच पत्करल्या. तंबोऱ्याच्या जवारीशी ह्याची तुलना करता येईल. घोडीवर दोरा सरकवून तंबोरा बोलका केला म्हणजे मूळ स्वर तोच राहतो, पण त्याच्या अंगावर उपस्वरांची झालर चढते. येथे तेच काम तारेचा खरखरीतपणा आणि नखीचा आघात करतात. स्क्वायर बोटांऐवजी नखीने वाजवीत असे, आणि नखीबरोबर अंगठ्याच्या कडेचाही स्पर्श तारेला होऊ देत असे.

ह्या सर्वांचे फलित ‘येस’च्या १९७१ मधील ‘फ्रॅजाइल’ ह्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते. ‘राउंडअबाउट’ ह्या पहिल्याच गीतात बासची ओळ गीताच्या पुढे चालते आणि गीत तिच्या मागे. त्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘द फिश’ ही छोटी रचना तर ह्या वाद्याच्या शक्यतांची परीक्षाच आहे. तीत ताल आणि गायन वगळता जे जे ऐकू येते ते स्क्वायरने बास गिटारांचे थरावर थर मुद्रित करून निर्माण केलेले आहे. (‘फिश’ हे त्याचे टोपणनाव. तो स्नानगृहात तासन् तास घालवीत असे, म्हणून सोबत्यांनी ते दिले. रचनेच्या जोडनावात आलेले लॅटिन पद मात्र एका खऱ्याखुऱ्या सूक्ष्म माशाचे आहे.) पुढच्या वर्षीची ‘क्लोज टू द एज’ आणि १९७५ मधील त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ‘फिश आउट ऑफ वॉटर’ ह्यांतही तोच नाद प्रमुख आहे.

स्क्वायरचे वाद्य अशा रीतीने आपली कीर्ती मिळवीत असताना कारखान्यात काय चालले होते? १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रोझ-मॉरिसशी असलेला व्यवहार संपला आणि ‘१९९९’ हे नाव सूचीतून गेले. साधारण त्याच वेळी नालाकृती चुंबकाचा पिकपही कंपनीने सोडला आणि त्याजागी अधिक जोरकस, बनविण्यास सोपा पिकप आणला. ‘४००१’ हा आराखडा आणखी काही वर्षे चालला. पण गोल गुंडाळीच्या तारांचा जास्त ताण त्याच्या दांडीला मानवत नसे, आणि १९८० च्या सुमारास आलेल्या ‘४००३’ ने काही वर्षांतच त्याची जागा घेतली. ह्यातील उपरोध लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या तारांमुळे रिकेनबॅकर बासचा नाद जगप्रसिद्ध झाला, त्याच तारांमुळे त्याचा मूळ आराखडा कारखान्याला बदलावा लागला. कंपनीला दोष देता येत नाही. ग्राहकांना टिकाऊ वाद्य हवे होते, आणि ते तिने दिले.

१९९१ मध्ये कंपनीने स्क्वायरच्या नावाने ‘४००१ सी. एस.’ ही एक हजार नगांची मर्यादित आवृत्ती काढली. दुधी रंग, ठिपक्यांची दांडी, कडेची पट्टी नसलेले अंग, असे तिचे स्वरूप मूळ वाद्याला अनुसरून होते. जिवंत वादकाच्या वाद्याची त्याच कारखान्याने केलेली ही प्रतिकृती इतिहासाच्या अभ्यासकाला फार बोलकी वाटेल. कारखान्याने १९६४ साली स्वतः जे बनविले होते त्याचीच नक्कल तो १९९१ मध्ये करीत होता. पण १९६४ साली त्याने दुधी रंगाचे वाद्य दिलेले नव्हते. म्हणजे प्रतिकृतीचा विषय कारखान्याची मूळ कृती हा नव्हताच. वादकाने, झिजेने आणि लहरीने घडविलेली वस्तू हा तिचा विषय होता. पाठभेदांच्या अभ्यासात ज्याप्रमाणे लेखकाची मूळ प्रत आणि परंपरेने रूढ केलेली प्रत ह्यांत दुसरीच प्रमाण ठरावी, त्यातलाच हा प्रकार आहे.

ह्या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. वादकाची एका वाद्यावरील निष्ठा ही बरीचशी प्रसिद्धीने रचलेली कथा असते, असे म्हणता येईल, आणि स्क्वायरच्या बाबतीतही पुरावा सरळ एका बाजूला नाही. त्याने इतर वाद्ये वापरली. १९७७ मधील ‘अवेकन’ ही दीर्घ रचना मंचावर वाजविताना त्याच्या गळ्यात तीन दांड्यांचे वॉल बनावटीचे एक प्रचंड वाद्य असे; मुराडियन ह्या कारागिराने बनविलेले बासही तो वाजवीत असे. शिवाय एकाच जातीच्या वाद्यावर निरनिराळ्या वादकांनी काढलेले नाद इतके भिन्न आहेत की, वाद्याला श्रेय द्यावे की हाताला, असा प्रश्न पडतो. रश वृंदाच्या गेडी ली ह्याने रिकेनबॅकरमधून स्क्वायरच्या जवळचा नाद काढला. मोटरहेडच्या लेमीने त्याच जातीच्या वाद्यावर स्वरसंहती ठोकून मिळविलेला गडगडाट ऐकणाऱ्याला हे वाद्य एकाच कुळातले आहे असे वाटणारही नाही.

परंतु आक्षेपातील तथ्य मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच. नाद हाताचा असेल तर वाद्य बदलण्यास अडचण नसावी. आणि वाद्याचा असेल तर प्रतिकृतीने भागावे. स्क्वायरने इतर वाद्ये विशिष्ट रचनांपुरती घेतली आणि पुन्हा पुन्हा त्याच झिजलेल्या वाद्याकडे तो परतला. ह्याचे अधिक समाधानकारक स्पष्टीकरण असे दिसते की, त्याचा हात त्या वाद्यावर घडला आणि ते वाद्य त्याच्या हाताखाली बदलत गेले, त्यामुळे दोहोंपैकी एकाला वेगळे काढून मोजणे नंतर शक्यच राहिले नाही. ‘येस’मधील गायक, गिटारवादक, कळफलकवादक आणि तालवादक वेळोवेळी बदलले, त्याच्या हयातीत निघालेल्या वृंदाच्या प्रत्येक मुद्रणगृहीय ध्वनिमुद्रिकेत असलेला सभासद एकटा स्क्वायर. त्या अखंडतेत वाद्याचाही वाटा होता. त्याच वृंदातील स्टीव्ह हाउ १९६४ मध्ये घेतलेल्या आपल्या गिब्सन ई. एस. १७५ साठी विमानात स्वतंत्र आसन राखून ठेवीत असे, हे सर्वश्रुत आहे. पण त्याने ते गिटार जपले ते मूळ रूपात. स्क्वायरने आपल्या वाद्याशी केलेला व्यवहार जतनाचा नसून संसाराचा होता.

असे वाद्य हरपले म्हणजे काय होते, हेही इतर उदाहरणांवरून दिसते. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांचा आधारस्तंभ जेम्स जेमर्सन ह्याचे १९६२ चे प्रिसिजन बास १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडेच आधी चोरीस गेले आणि ते पुढे मिळाले नाही. जाको पास्तोरियसचे पडदे उपटलेले १९६२ चे जॅझ बास १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधील उद्यानातून नाहीसे झाले. वादक पुढच्याच वर्षी वारला आणि वाद्य दोन दशकांनंतर उजेडात आले. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेले हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीस गेले होते. ते सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. तोपर्यंत मॅकार्टनीने १९६३ चे दुसरे हॉफनर साठ वर्षे वापरले होते. जेमर्सनच्या बाबतीत मात्र असे कोणतेही सांत्वन उपलब्ध नाही. जुन्या, जाड, कधीही न बदललेल्या तारांच्या त्या वाद्याविषयी आज जे सांगता येते ते ध्वनिमुद्रणांवरून आणि सोबत्यांच्या आठवणींवरून.

येथे साधनांचा एक प्रश्न उभा राहतो आणि तो मुंबईशी निगडित आहे. वरील सर्व वादकांच्या वाद्यांचा इतिहास लिहिता येतो, कारण वादकांची नावे मुद्रिकांवर होती, मुलाखती छापल्या गेल्या आणि छायाचित्रे जपली गेली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात १९६० व १९७० नंतरच्या दशकांत बास गिटार मोठ्या प्रमाणावर वाजले, आणि ते वाजविणाऱ्यांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांचा भरणा होता. राहुल देव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ हे त्यांतील एक. ह्या वादकांची घडणही पुष्कळदा चर्चच्या संगीतशाळेत झालेली होती, हे स्क्वायरशी त्यांचे अनपेक्षित साम्य. परदेशी मालाच्या आयातीवरील कडक निर्बंधांमुळे चांगले विद्युत्-वाद्य मिळणे दुर्घट असल्याने हाती आलेले वाद्य वर्षानुवर्षे चालवावे लागे. म्हणजे येथे निष्ठेला निवडीइतकेच टंचाईचेही अधिष्ठान होते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक ह्यांची नावे छापली जात. वादकाचे नाव क्वचितच, आणि वाद्याचे तर कधीच नाही. लाखो लोकांच्या कानांत असलेल्या बासच्या ओळी कोणत्या लाकडातून आणि कोणत्या तारांतून निघाल्या, ह्याचा पुरावा वादकांच्या घरी असलेली वाद्ये आणि त्यांच्या आठवणी एवढाच आहे, आणि ती पिढी वृद्ध झाली आहे. भाषाशास्त्रात बोलींच्या अखेरच्या भाषिकांचे बोलणे ज्या तातडीने टिपून घेतले जाते, त्याच तातडीने हे काम व्हावयास हवे. वाद्य कोणत्या साली घेतले, कोणाकडून, तारा कोणत्या लावल्या, काय मोडले आणि कोणी दुरुस्त केले, एवढे साधे प्रश्नही पुरेसे आहेत.

स्क्वायरला रक्ताचा कर्करोग झाल्याचे मे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील फीनिक्स येथे, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याच्याच इच्छेनुसार बासची जागा बिली शेरवुड ह्याने घेतली. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेतील रॉक अँड रोल कीर्तिमंदिरात ‘येस’चा समावेश झाला, त्या समारंभात ‘राउंडअबाउट’मधील बास गेडी ली ह्याने वाजविला. तत्पूर्वी ऑगस्ट २०१५ मध्ये, स्थापनेनंतर प्रथमच स्क्वायरवाचून, वृंद दौऱ्यावर निघाला होता. त्या दौऱ्यातील कार्यक्रमांच्या आरंभी १९७८ मधील ‘टॉरमॅटो’ ह्या ध्वनिमुद्रिकेतले त्याने रचलेले ‘ऑनवर्ड’ हे गीत मुद्रिकेवरून ऐकविले जाई. मंचावर त्या वेळी कोणी नसे. प्रकाशाचा एक झोत टाकलेला असे, आणि त्यात पांढरे रिकेनबॅकर उभे करून ठेवलेले असे.